वाचकांचे प्रश्न : ॲरिस्टॉटल चीनमध्ये कुठे अडला?

गेल्या अंकात अनुमानावर लिहिताना मी ओघात म्हटलं होतं की, ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र चीनला दोनदा गेलं आणि पहिल्यांदा त्याला कुणी विचारलं नाही. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार घेते.

बाई, आम्हाला वर्गात ॲरिस्टॉटल शिकवतात, न्यायदर्शनाचंही नाव येतं. चीनचं नावच नाही. चिनी लोकांकडे तर्कशास्त्र नव्हतं का? आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्र तिकडे नेलं कुणी?
— बारावी कला शाखेची विद्यार्थिनी, मिरज

नव्हतं असं मुळीच नाही. नीट विचार करता येणं वेगळं आणि विचार कसा करतात याचं शास्त्र लिहिणं वेगळं. चीनमध्ये हे दुसरं कामही एकदा होऊन गेलं होतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात मोझी या चिनी तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी व्याख्या, कारण, साम्य आणि भेद यांवर अगदी आटोपशीर सूत्रं लिहिली. त्याच सुमाराला गोंगसुन लोंग नावाचा गृहस्थ ‘पांढरा घोडा म्हणजे घोडा नव्हे’ असं म्हणून भल्याभल्यांना घाम फोडत होता. पुढे मोझीचा पंथ बुडाला, त्या सूत्रांच्या पोथीत चुका शिरल्या, ओळी उलटसुलट झाल्या आणि दोनेक हजार वर्षं ती कुणाला धड लागेना.

आता नेलं कुणी ते. जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी. पहिलं मोठं नाव मातेओ रिची या इटालियन पाद्र्याचं. तो 1578 मध्ये आधी आपल्या गोव्यात उतरला, तिथेच धर्मशास्त्र शिकला, आणि 1582 मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाव या पोर्तुगीज ठाण्याला गेला. जाता जाता एक सांगते. गोव्यातल्या वरिष्ठांचं म्हणणं होतं की, इथल्या मुलांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवू नये, ती शेफारतील. रिचीने 1581 मध्ये गोव्याहून रोमला पत्र लिहून याला विरोध केला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाची पहिली पायरी तर्कशास्त्राची असे. म्हणजे इथे जी पायरी बंद करत होते, तीच पुढे चीनमध्ये पंडितांनी चढावी म्हणून हेच पाद्री त्यांच्या मिनतवाऱ्या करत होते.

रिचीने सुरुवात भूमितीने केली. शू क्वांगची हा मोठा अधिकारी त्याच्या मदतीला होता. दोघांनी युक्लिडचे पहिले सहा भाग चिनीत आणले. ते 1607 मध्ये छापले गेले. शू या पुस्तकावर इतका लुब्ध झाला की, त्याने लिहिलं: यात शंका घ्यायची गरज नाही, अंदाज बांधायची गरज नाही, पडताळून पाहायची गरज नाही, बदलायची गरज नाही. सिद्धतेचा जोर काय असतो हे त्याला बरोबर कळलं होतं. त्याला उरलेले भागही लगेच हवे होते, रिचीने थांबवलं. (ते भाग चिनीत यायला 1857 साल उजाडलं.)

खुद्द तर्कशास्त्राचं पुस्तक आलं ते 1631 मध्ये. ‘मिंग-ली थान’ त्याचं नाव. पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात ॲरिस्टॉटलवर जाडजूड लॅटिन भाष्य लिहिलं गेलं होतं, त्यावरून फ्रान्सिस्को फुर्तादो हा पाद्री आणि हांगचौचा ली झीझाओ यांनी ते तयार केलं. ली हा काही हाताशी धरलेला लेखनिक नव्हता. 1602 मध्ये रिचीचा प्रचंड जगाचा नकाशा छापून घेणारा तोच. गणित आणि खगोलात मुरलेला माणूस. शेवटची काही वर्षं त्याने या एका कामाला दिली. पंचांग सुधारायच्या कामासाठी दरबाराने बोलावलं म्हणून तो पेकिंगला गेला आणि 1630 मध्ये तिथेच वारला. पुस्तक छापलेलं त्याने पाहिलं नाही.

आणि ते कुणी वाचलंही नाही म्हटलं तरी चालेल. कारणं बरीच सांगतात: भाषा जड, विषय अनोळखी, मिंग घराणं शेवटच्या घटका मोजत होतं. ती खरीच आहेत, पण माझ्या मते मुख्य कारण पुस्तकाच्या पोटातच आहे. छापल्या गेलेल्या दहा भागांतले पहिले पाच पॉर्फिरी या भाष्यकाराने ॲरिस्टॉटलला लिहिलेल्या प्रस्तावनेवर: जात, उपजात, भेदक गुण वगैरे पाच कल्पना. पुढचे पाच ॲरिस्टॉटलच्या दहा पदार्थांवर: द्रव्य, परिमाण, गुण, संबंध असे. संपलं! दोन विधानांवरून तिसरं काढायची रीत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती छापील पुस्तकात पोचलीच नाही. पाट मांडले, रांगोळ्या काढल्या, उदबत्त्या लावल्या आणि वाढपी आलाच नाही, तर पंगत उठून जाणारच. वर्गात मी कधी पदार्थांच्या यादीपासून विषय सुरू केला असता, तर दुसऱ्या तासाला बाक रिकामे दिसले असते.

कांगशी बादशहा स्वतः युक्लिड शिकत होता असं वाचलं. मग त्याच पाद्र्यांनी तर्कशास्त्र पुढे केल्यावर त्याने नाकारलं का? हा विरोधाभास नाही?
— अभियंता, चिंचवड

विरोधाभास वाटतो खरा, पण नाही.

फर्डिनांड फर्बीस्ट हा फ्लेमिश पाद्री कांगशीच्या खगोलखात्याचा कर्ताधर्ता होता. त्याने 1683 मध्ये बादशहाला साठ भागांचा एक ग्रंथ सादर केला, ‘छ्योंग-ली श्युए’. फुर्तादो आणि लीचं जुनं काम त्यात होतंच, शिवाय अनुमानाची ती राहून गेलेली रीतही होती. म्हणजे वाढपी आला, पन्नास वर्षं उशिरा. फर्बीस्टचा युक्तिवाद असा: बादशहांनी पंचांग सुधारलं, उत्तम झालं, पण पंचांगाच्या गणिताच्या मुळाशी ही विद्या आहे, हीच सगळ्या विद्यांचं मूळ, तेव्हा ग्रंथ छापून देशभर द्यावा. त्याची खरी आशा याहून मोठी होती. अधिकारी निवडायच्या सरकारी परीक्षेत हा विषय शिरला की, शिकलेला प्रत्येक चिनी माणूस ॲरिस्टॉटल घोकेल, आणि ॲरिस्टॉटलच्या बोटाला धरून येशू आत येईल.

दरबाराने ग्रंथ तपासायला घेतला आणि नेमकं एका जागी बोट ठेवलं. त्यात म्हटलं होतं की, माणसाचं ज्ञान आणि स्मृती मेंदूत असते. चिनी पंडितांच्या लेखी ही जागा हृदयाची. विद्वान मंडळींना ते विधान हास्यास्पद वाटलं, आणि बादशहानेही मजकूर विसंगत आणि दुर्बोध असल्याचा शेरा मारला. छपाई नामंजूर. आज त्या साठांपैकी चौदा भागांची हस्तलिखित प्रत पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

मेंदूच्या बाबतीत पाद्री बरोबर होता आणि दरबार चुकला, म्हणून आपण हसतो. पण कांगशीच्या जागी बसून बघा. भूमितीने त्याला जमीन मोजता येत होती, तोफेचा पल्ला काढता येत होता, ग्रहण वर्तवता येत होतं. तिचा पडताळा दुसऱ्या दिवशी अंगणात मिळत होता. तर्कशास्त्राचा पडताळा कुठे घ्यायचा? त्यातून त्याला परीक्षेत जागा द्यायची म्हणजे लाखो उमेदवार ज्या कन्फ्यूशियन ग्रंथांवर आयुष्य घालवतात, त्यांच्या शेजारी परदेशी पाद्र्याचा ग्रंथ ठेवायचा. राज्य चालवणारा माणूस हे करणार नाही. कांगशीने भूमिती ठेवली आणि बाकीचं परत केलं. मला यात बुद्धीचा अभाव दिसत नाही, हिशेब दिसतो.

यान फू या भाषांतरकाराचं नाव तुम्ही घेतलं होतं. त्याने असं काय केलं की, दुसऱ्या वेळी चिनी विद्वानांनी तेच शास्त्र उचलून धरलं?
— निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

ताई, हा प्रश्न माझ्या आवडीचा, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

यान फूच्या आधी 1886 मध्ये एक प्रयत्न झाला होता. चीनच्या जकातखात्याचा ब्रिटिश प्रमुख रॉबर्ट हार्ट याने पाश्चात्त्य विद्यांच्या सोळा प्राथमिक पुस्तकांची एक मालिका करवून घेतली. त्यात जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाचं छोटेखानी तर्कशास्त्र होतं. भाषांतर जोसेफ एडकिन्स या मिशनऱ्याचं. पुढे दहा वर्षांनी ल्यांग छीचाव या तरुण सुधारकाने पाश्चात्त्य पुस्तकांची यादी केली, तेव्हा हे पुस्तक त्याने ‘कुठल्याच वर्गात न बसणारी’ या सदरात टाकलं. विषयाची ओळख किती होती ते यावरून समजा. ल्यांग तर त्या पिढीतला सर्वांत चौकस वाचक.

मग 1894-95 मध्ये जपानने चीनचा पराभव केला, तोही समुद्रावर. यान फू आरमारी शाळेतला माणूस. फूचौला शिकला, 1877 ते 79 इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या नाविक महाविद्यालयात होता, परत येऊन तिएनत्सिनच्या नाविक विद्यालयात शिकवू लागला आणि पुढे तिथला प्रमुख झाला. त्या युद्धात त्याचे सहाध्यायी गेले, विद्यार्थी गेले. जहाजं घेतली होती, तोफा घेतल्या होत्या, कवायतही शिकवली होती. तरी हरलो ते का, हा त्याचा प्रश्न. हक्स्ली, स्पेन्सर, मिल हे सगळे इंग्रज विचारवंत त्याने या एका प्रश्नासाठी चिनीत आणले. (आपल्याकडे आगरकर याच मिल-स्पेन्सरवर पोसले. दोघांच्या वयात जेमतेम अडीच वर्षांचं अंतर, यान फू 1854 चा आणि आगरकर 1856 चे.)

1900 मध्ये परदेशी लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत तो तिएनत्सिन सोडून शांघायला आला. तिथे त्याने तर्कशास्त्राची एक सभा काढली, व्याख्यानं दिली, आणि मिलचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ भाषांतराला घेतला. 1905 मध्ये नानकिंगला तो छापून आला. त्याच वर्षी सरकारी परीक्षापद्धती रद्द झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. यान फू स्वतः त्या परीक्षेला चारदा बसून चारदा नापास झालेला होता!

या भाषांतराची खरी मौज त्याच्या टिपांत आहे. मिल चालू असताना मध्येच थांबून यान फू आपल्या लोकांशी बोलायला लागतो. एका टिपेत तो म्हणतो (शब्द माझे, आशय त्याचा): आमची वास्तुविद्या घ्या, वैद्यक घ्या, ज्योतिष घ्या. पायरीपायरीने पाहिलंत तर तर्क अगदी सुसंगत आहे. पण तळाशी जा. पंचतत्त्वांची आणि कालगणनेच्या चिन्हांची ही वाटणी कुणी केली? अमुक तारा शुभ, तमुक अशुभ, हे कशावरून? कितीही डोकं खाजवा, उत्तर नाही; कारण तो पाया मनाने रचलेला आहे, पाहून-मोजून घातलेला नाही. दुसरीकडे तो म्हणतो, जुन्या विद्येत निगमन, म्हणजे नियमावरून निष्कर्षाकडे उतरणं, नव्हतं असं नाही, नियमांना धरूनच होतं. आधारविधानंच बहुतेक मनातली.

मिरजेच्या मुली, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेही आहे. तर्क येत होता. आधारविधान तपासायची सवय नव्हती. म्हणून यान फूला ॲरिस्टॉटलपेक्षा मिल हवा होता, निगमनापेक्षा विगमन, म्हणजे दाखले पाहून नियमाकडे चढणं, हवं होतं. जेझुइटांनी आणलेली रीत अशी होती की, वरची मोठी विधानं गृहीत धरा आणि खाली उतरा. आणि वरच्या विधानांत देव बसलेला. यान फूने माल बदलला असं म्हणा हवं तर. गरज आधी, माल नंतर, हा क्रम पहिल्या वेळी उलटा होता.

आता ती एक गोष्ट, जी मी शिकवताना दरवर्षी सांगायचे. 1908 च्या शरदात यान फू तिएनत्सिनला होता. ल्यू बीछंग नावाची पंचविशीची कवयित्री, तिथल्या मुलींच्या शाळेची प्रमुख, त्याच्या मागे लागली की, मला तर्कशास्त्र शिकवा. त्याने जेव्हन्सचं तेच छोटं पुस्तक काढलं, एडकिन्सवालं. रोज थोडं भाषांतर करायचं आणि तिला समजावायचं. दोन महिन्यांत पुस्तक तयार! प्रस्तावनेत तो सांगतो की, आशय मूळ पुस्तकाचा ठेवला, उदाहरणं मात्र बरीचशी माझी घातली. सगळा फरक या ‘उदाहरणं माझी’मध्ये आहे.

नमुना बघा. व्याख्येशिवाय शब्द वापरू नये हे शिकवताना तो ‘ची’ हा शब्द घेतो, चिनी विचारातला प्राणवायू म्हणा, ऊर्जा म्हणा. आमच्या जुन्या पंडिताला विचारा, माणूस आजारी का पडतो? वाईट ची आत शिरली. देश का खालावला? मूळची ची भरून आली नाही. थोर पुरुष जन्मला? दुर्मीळ ची. माझा पाय सुजला? दमट ची. मग विचारा, महाराज, ही ची म्हणजे नक्की काय वस्तू, दाखवा बरं. पंडित गप्प. ज्या घरात सर्दीपासून चिडचिडीपर्यंत सगळ्याला ‘उष्णता झाली’ म्हणतात, त्या घरातल्या वाचकाला हा उतारा वेगळा समजावून द्यायला नको.

समोर विचारणारी हुशार बाई बसलेली असली की, शिकवणाऱ्याला अशी उदाहरणं सुचतात. एडकिन्ससमोर जकातखात्याचं काम होतं. पुस्तक तेच, पण 1909 मध्ये छापलेलं यान फूचं वाचलं गेलं.

मिलचं काय झालं? अर्धाच राहिला. याच प्रस्तावनेत यान फू लिहितो की, पुढचा अर्धा करायचा मनात होतं, पण कामांची गडबड, आणि म्हातारपणी मेंदूला ताण देववत नाही. मिल खोल आहे, मन निवल्याशिवाय हात घालता येत नाही. तेव्हा तो पंचावन्नचाही नव्हता. 1921 मध्ये गेला. उरलेला मिल त्याच्या हातून झालाच नाही.

दिङ्नाग या बौद्ध आचार्याचं तर्कशास्त्र ह्युएनत्संगने चीनला नेलंच होतं ना? मग पाश्चात्त्य तर्क येईपर्यंत चिनी पंडित त्याचं काय करत होते?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नेलं होतं. शंकरस्वामीचा ‘न्यायप्रवेश’ त्याने 647 मध्ये आणि दिङ्नागाचा ‘न्यायमुख’ 649 मध्ये चिनीत आणला. तुमच्या जिल्ह्याशी याचा संबंध आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलही. ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. इथल्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन तो करतो, दाराबाहेर दोन दगडी हत्ती असल्याचं सांगतो आणि दिङ्नाग पूर्वी या विहारात बरेचदा राहत असे असंही लिहितो. ते ठिकाण अजिंठा असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या दारातले हत्ती तुम्ही पाहिलेच असतील.

चीनमध्ये मात्र ही विद्या बौद्ध भिक्षूंच्या एका छोट्या शाखेत राहिली आणि ती शाखा आटली तशी तीही आटली. ह्युएनत्संगचा शिष्य क्वेजी याचं मोठं भाष्य तर चीनमधून नाहीसंच झालं होतं. ते जपानमध्ये टिकून होतं. यांग वनह्वे या बौद्ध ग्रंथांच्या प्रकाशकाने तिथून मिळवून 1896 मध्ये नानकिंगला छापलं.

वेळ बघा. युद्ध हरल्यानंतरचं हे दुसरं वर्ष. पाश्चात्त्य तर्कशास्त्राची चर्चा सुरू होते आहे आणि त्याच वेळी दिङ्नाग परत येतो. 1897 मध्ये सुन यीरांग, ज्याने मोझीची ती बिघडलेली पोथी मेहनतीने साफ केली, ल्यांग छीचावला पत्रात लिहितो: मला दाट शंका आहे की, मोझीच्या सूत्रांत ॲरिस्टॉटलचं निगमन, बेकनचं विगमन आणि बौद्धांची हेतुविद्या यांसारखं काही दडलेलं आहे. ग्रीस, इंग्लंड, भारत, तिन्ही एका वाक्यात! ल्यांगने 1904 मध्ये ‘मोझीचं तर्कशास्त्र’ म्हणून लेखच लिहिला. ‘आमच्याकडे हे आधीपासून होतं’ हा आजार फक्त आपल्यालाच जडलेला नाही, हे वाचून मला बरं वाटलं. तरी एवढं म्हणायला हवं की, पाश्चात्त्य चष्मा लावल्यामुळेच ती पोथी पुन्हा वाचली गेली, आणि मोझीवाल्यांच्या सूत्रांत खरोखरच बरंच काही आहे.

या सगळ्यांत मला चांग बिंगलिन हा क्रांतिकारक पंडित सर्वांत पटतो, म्हणजे त्याची रीत पटते. राजद्रोही लिखाणाबद्दल 1903 ते 1906 तो शांघायच्या तुरुंगात होता आणि तिथे बौद्धांच्या योगाचार पंथाचे ग्रंथ वाचत असे. 1909 मध्ये त्याने तिन्ही पद्धती शेजारी मांडल्या. दिङ्नागाची परंपरा आधी पक्ष, म्हणजे सिद्ध करायचं विधान, सांगते, मग हेतू, मग उदाहरण: शब्द अनित्य आहे, कारण तो केला जातो; जे जे केलेलं ते अनित्य, घटासारखं. ग्रीक आधी सर्वसाधारण नियम सांगतात, मग हेतू, शेवटी निष्कर्ष. मोझीचा क्रम तिसराच: आधी हेतू, मग नियम, मग निष्कर्ष. चांगचा निकाल भारताच्या बाजूने लागतो. त्याचं कारण असं की, ग्रीक आणि मोझी या दोघांच्याही मांडणीत नियम निष्कर्षाच्या आधी येतो, त्यामुळे घटासारखा प्रत्यक्ष दाखला ठेवायला जागा उरत नाही.

निकाल आपल्या बाजूचा असला तरी मला तो पुरता मान्य नाही. घट दाखवल्याने ‘जे जे केलेलं ते अनित्य’ हे सिद्ध होत नाही. एक घट म्हणजे एकच घट. यान फू असता तर त्याने पुढे विचारलं असतं, किती घट पाहिलेत, आणि न फुटलेला एखादा शोधून पाहिलात का? दिङ्नागाच्या बाजूने एवढंच सांगता येतं की, उलटा दाखला तपासायला तोही सांगतो: जे नित्य आहे ते केलेलं नसतं, आकाशासारखं. ही दुसरी बाजू असताना चांगने तिच्याऐवजी दाखल्याच्या जागेवर निकाल का द्यावा, हे मला कळलेलं नाही.